नवसाचे पाय आणि पिशवीतली मी

"मातामाय, माह्या मायले पुन्हा तिच्या पायावर उभी कर. येत्या मार्गशीर्षात माह्या उंबरठ्यापासून तुह्या पायरीपर्यंत बिनचपलेची येईन."

आमच्या गोपिकाबाई हा नवस बोलल्या तेव्हा मी नुकतीच त्यांच्या पायातून उतरले होते. ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा व्हरांडा होता. आत त्यांची म्हातारी माय, बायजाबाई, खुब्याचं हाड मोडून पडलेली. देवीशी बोलायचं म्हणून बाईंनी मला काढलं, पायानेच भिंतीकडे सरकवलं, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. त्या नवसात माझ्याच विरुद्ध निकाल लागत होता आणि मी भिंतीशी उपडी पडून तो ऐकत होते.

मी डावी चप्पल बोलतेय. उजवी माझी जुळी बहीण, पण तिला तक्रार करायची सवय नाही. मला आहे.

तशी मी साधी चप्पल नाही. बाहेरून काळी, दिसायला अगदी बेताची. पण आतला तळ मऊ, डॉक्टरी. साखरेच्या आजाराने ज्यांच्या पायांतली जाणीव जाते त्यांच्यासाठी आम्हाला घडवतात. अंगाला नव्या रबराचा वास येत होता तोवरच मी जरीपटक्याच्या बाजारातल्या एका दुकानात येऊन पडले आणि तिथे मला आयुष्यातली पहिली शिसारी आली. येणारा प्रत्येक जण माझ्यात पाय खुपसून बघायचा. कुणाची टाच फुटलेली, कुणाच्या बोटांच्या बेचक्यात कालचा चिखल. ते सगळं मी मुकाट सोसायची आणि शेवटी तेच लोक माझ्याकडे बघून नाक मुरडायचे, "हिले काही शोच नाही!"

गोपिकाबाई आल्या आणि त्यांचे पाय बघून मला हायसं वाटलं. स्वच्छ पाय, बोटांत जोडवी. पण पाऊल टाकल्याबरोबर माझ्या लक्षात आलं, या पायांना मी कळतच नाही. मऊ म्हणून मला घेतलं, आणि तो मऊपणा त्यांना कधी लागलाच नाही. आंघोळीचं पाणी कढत आहे की गार, हेसुद्धा त्या हात बुडवून बघत.

आम्ही दोघी बाईंच्या सक्करदऱ्याच्या घरी राहायला आलो. माझं जग जमिनीपासून बोटभर वरचं. तुम्ही माणसं आभाळाकडे बघून चालता, म्हणून तुम्हाला तुमचं शहर सुंदर दिसतं. मला दिसतं ते वेगळं. भिंतीच्या कोपऱ्यात थुंकी, जिन्याच्या वळणावर थुंकी, दवाखान्याच्या दारात थुंकी, आणि जिथे 'थुंकू नये' लिहिलंय त्या पाटीच्या अगदी खाली सगळ्यात जास्त. घरचे धनीही त्यातलेच. गिरिधरराव कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या अडतीवर कामाला. माणूस मनाने चांगला, पण सकाळी चूळ भरली की गालात खर्रा. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली ती सुपारी-तंबाखू. ओट्यावरून फाटकापर्यंत जाताना ते दोनदा पिचकारी मारणार, ती मी तुडवणार, आणि मग मी उंबरठ्याच्या आत बोटभर आले की तेच ओरडणार, "चप्पल आत काहून आनली वं? देवाचं घर आहे हे!"

घाण कोण करतं आणि घाण कोण ठरतं! असो.

बायजाबाई बऱ्या झाल्या. पावसाळ्यात भिंत धरून, दसऱ्याला काठीवर, आणि दिवाळीनंतर सावळीहून बाईंच्या भावाचा, रुपरावचा फोन आला, "ताई, माय आंगनात चालून राहिली वं!" बाईंनी हातातलं पीठ तसंच ठेवून देवापुढे डोकं टेकलं. आता नवस फेडायचा होता.

मार्गशीर्षातल्या प्रत्येक गुरुवारी त्या सराव म्हणून अनवाणी देवळात गेल्या. वाटेत खडे, काटे, बांधकामाची कपची. परत आल्या की शेजारणी विचारत, "टोचलं नाही का वं?" बाई हसून म्हणत, "कुठं काय! मातामायच टोचू देत नाही मले." हळूहळू गल्लीभर झालं, गोपिकाताईंचे पाय पुण्याईचे. बायका हळदी-कुंकवाला आल्या की त्यांच्या पायांना हात लावून जात.

तो आजार होता हो! पायांतली जाणीव मेली होती, आणि त्या मेलेपणाला कृपा म्हणून सगळ्या गल्लीने कुंकू लावलं होतं. देवीला मी बोल लावत नाही. तिने काही मागितलं नव्हतं.

दर वर्षी नाताळाच्या सुट्टीत सगळी भावंडं सावळीला जमतात. शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची झणझणीत भाजी करायची, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पंगत बसवायची. मातामायचं देऊळही सावळीतच, म्हणून यंदा त्याच फेरीत नवस फिटणार होता. आणि नेमकं आभाळ भरून आलं. थंडी अशी की दात वाजावेत, वरून पाऊस, आणि टीव्हीवर गारपिटीची बातमी.

रुपरावने फोन केला. "ताई, इकडं गारा पडतीन म्हनते. रोडगे काही पळून नाही चालले. पुढच्या आठवड्यात ये ना वं."

"मार्गशीर्ष सरून राहिला ना. देवीले आता तारीख मांगू का? कोर्ट आहे का ते?"

फोन ठेवल्यावर गिरिधरराव म्हणाले, "अन पायाचं काय? डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

बाई हळूच म्हणाल्या, "मी नाही गेली, अन माय पुन्हा पडली तर?"

सगळ्या प्रवासात बाईंच्या मनात हाच एक काटा होता, आणि तो मात्र त्यांना नीट टोचत होता.

गिरिधररावांनी एकच अट घातली, चपला बरोबर घ्यायच्या, देवीची पायरी झाली की घालायच्या. पण घ्यायच्या कशात? पिशवीत देवीची ओटी होती, रोडग्यांचं पीठ होतं. त्यात चप्पल कशी जाणार? शेवटी आम्हा दोघींना एका पारदर्शक पन्नीत कोंबून गिरिधररावांच्या हातात दिलं. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सकाळी पाऊस भुरभुरत होता. बाईंनी उंबरठ्याला हळद-कुंकू वाहिलं आणि उघड्या पायाने रस्त्यावर उतरल्या. बसस्टँडवर गेलो तर सगळीकडे चिखल. नुसता चिखल असता तर मी काही म्हटलं नसतं. माती ती माती. पण त्यात काय नव्हतं! भज्यांचे तेलकट कागद, केळीची सालं, पोराचं ओकलेलं दूध, आणि सगळ्यांवर खर्ऱ्याची लाल-तपकिरी साय. पावसाने ती पातळ करून सगळीकडे सारखी पसरवली होती. त्यातून आमच्या बाई जोडव्यांचे पाय टाकत, ओठात देवीचं नाव घेत चालल्या. मी पन्नीत कोरडी, स्वच्छ. ज्यांच्यासाठी मला केलं ते पाय खाली त्या राड्यात. मला माझ्या कोरडेपणाची किळस आली.

बाकावरचा एक जण दात काढून म्हणाला, "काय गा काकाजी, बायको चिखलात अन चपला तुमच्या कडेवर?"

"नवस आहे तिचा," गिरिधरराव गुरकावले, आणि बाजूला पचकन थुंकले.

बाकावर एक म्हातारी होती, लुगड्यातली, डोईवरून शाल घेतलेली. यमुताई तिचं नाव. नवस हा शब्द ऐकला आणि ती उठलीच. "नवसाचे पाय आहेत का वं? थांब, मले पाया पडू दे." बाई नको नको म्हणत असताना तिने त्या चिखलभरल्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला. मग तीही आमच्याच बसमध्ये, आमच्या मागच्याच बाकावर बसली.

उमरेडच्या अलीकडे गारा सुरू झाल्या. बसच्या टपावर कुणी गोटे ओततंय असा आवाज. खिडक्यांच्या काचा लागत नव्हत्या, लोकांनी खिडक्यांना सतरंज्या धरल्या. थोडं पुढे गेलो तर रस्त्यावर बाभूळ आडवी. ड्रायव्हर म्हणाला, गाडी खाली उतरवून कडेने काढतो, पण रिकामी लागेल. वंदना कंडक्टर दारात उभी राहून ओरडली, "चला, उतरा सगळे! पुढं जाऊन चढा! पाय जपून!"

सगळे उतरले. कडेची ती जागा मी पन्नीतून पाहिली आणि अंगावर काटा आला. रात्री तिथे कोण बसतं ते सांगायला नको. पिणाऱ्यांनी फोडलेल्या बाटल्या गवतात तशाच पडल्या होत्या, आणि वर गारांचा पांढरा थर. काच कोणती, गार कोणती, डोळसालाही कळू नये. चपला-बूटवाले लोकही बिचकत चालत होते. आमच्या बाई मात्र ताठ मानेने, सगळ्यांच्या पुढे.

"पाहा जी, पुण्याई कशी चालते ते!" यमुताई मागून म्हणाली.

पुन्हा बसलो. बस निघाली. पाय पोटाशी घेता येत नव्हते म्हणून बाईंनी ते बाकाखाली सारले आणि जप सुरू केला. सावळीचा फाटा आता फार लांब नव्हता.

तेवढ्यात मागून यमुताईचा आवाज आला. "शी! शी! शी! कोन थुंकलं गा इथं?"

बाकाखालून लाल ओघळ मागे निघाला होता. बस चढावर लागली की तो मागे सरके, उतारावर पुढे. यमुताईने पाय वर घेतले, लुगडं आवरलं. "माह्या लुगड्याले लागलं असतं ना! जनावरं बरी तुमच्यापेक्षा!"

सगळ्या बसने गिरिधररावांकडे पाहिलं. गाल फुगलेला एवढा एकच होता.

वंदना आली. "काका, थुंकले ना? पुसून द्या आता. ही काय तुमच्या घरची मोरी आहे का?"

"अवं बाई, मी नाही थुंकलो!"

"मग काय देवानं थुंकलं?"

"माह्या तोंडात तसाच आहे अजून! हे पाहा!" आणि गिरिधररावांनी पुराव्यादाखल भर बसमध्ये आ केला. सगळ्यांनी तोंडं फिरवली. मीही फिरवलं असतं, पण पन्नीतल्या चपलेला कुठे वळता येतं!

आजवर त्यांनी किती ठिकाणी घाण केली होती, तेव्हा कुणी हटकलं नाही. आज केली नव्हती तर बसभर शिव्या पडत होत्या. गोपिकाबाई शरमेने मेल्यागत झाल्या. पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "पुसून टाका ना जी. आज नवसाच्या दिवशी तरी..." त्यांनाही वाटलं, आपलाच नवरा.

गिरिधरराव धुमसत खाली वाकले. पाण्याची बाटली ओतली, वर्तमानपत्राने खसाखसा पुसलं. पत्रा स्वच्छ झाला. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यावर एक लाल थेंब पडला. मग दुसरा.

ते वाकलेलेच राहिले.

"गोपिका, पाय वर कर."

"काहून जी?"

"वर कर म्हनतो ना."

"लोक पाहून राहिले."

गिरिधररावांनी बाईंचा डावा पाय घोट्याला धरून वर घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. बाई दचकून ओढायला लागल्या. "सोडा! नवऱ्यानं पाय धराचे का? पाप देता का मले?"

"पाप गेलं खड्ड्यात. हालू नको."

तळव्याच्या मध्यभागी बाटलीच्या बुडाचा जाड तुकडा रुतला होता. भोवतालचं मांस पांढरं पडून उघडं झालेलं, चिखल आत गेलेला. वंदना कंडक्टरच्या तोंडून "अगंबाई" एवढंच निघालं. मघाच्या यमुताईने तोंडावर पदर घेतला. त्या पायांना लावलेला हात तिने कपाळाला लावला होता आणि त्याच पायांच्या रक्ताला ती शी म्हणाली होती. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"दुखून राहिलं का?" गिरिधररावांनी विचारलं.

"नाही जी."

"थोडंसंही नाही?"

"काहीच नाही." बाई पायाकडे अशा बघत होत्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. "मले तर काहीच नाही कळलं."

ते 'काहीच नाही' ऐकून गिरिधररावांचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटतं, त्या माणसाला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं की त्याची बायको किती दिवसांपासून पाय नसल्यासारखी चालत होती. त्यांना काही बोलायचं होतं पण तोंड भरलेलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग रुमाल काढला, गालातला सगळा ऐवज त्यात काढून गाठ मारून खिशात घातला. नवऱ्याला थुंकण्याआधी जागा शोधताना बाईंनीही प्रथमच पाहिलं असेल.

वंदनाने गाडीतली औषधपेटी आणली. तिच्यात कापूस होता, पट्टी होती, औषध सुकून गेलेलं. काच तशीच राहू दे, दवाखान्यातच काढा, असं सांगून तिने भोवती कापूस रचला. गिरिधररावांनी गळ्यातला मफलर गुंडाळला आणि मला पन्नीतून काढलं.

"घाल हे."

"नाही."

"गोपिका!"

"फाटा आला जी. तिथून पायरी किती? एवढ्यासाठी मोडू का?"

"देवीले काय तुहा पाय कापून पाहिजे का?"

तेव्हा बाईंचा बांध फुटला. "तिनं मायले चालवलं ना! तिनं तिचं केलं. मी माहं नाही केलं, अन माय पुन्हा खाटेवर पडली, तर कोनाचं नाव घेऊ मी?"

मी गिरिधररावांच्या हातात लटकत राहिले. घालावं तर नवस मोडतो, न घालावं तर पाय जातो. मला जन्मभर किळस आली ती माणसांच्या घाणीची. त्या घटकेला आली ती या हिशेबाची, ज्यात बाईचं अंगच दर वेळी तारण ठेवावं लागतं.

फाट्यावर बस थांबली. गिरिधररावांनी बाईंना दोन्ही हातांनी उचलून खाली उतरवलं आणि दगडावर बसवलं. पाऊस थांबला होता, धुकं उतरत होतं. समोर रुपराव जीपपाशी छत्री धरून उभा. आणि छत्रीखाली, काठीवर रेललेली, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली बायजाबाई. पायात काही नाही.

"ऐकत नाही ना ही!" रुपराव चिडून म्हणाला. "म्या म्हटलं, जीप घेऊन मी आनतो ताईले. तर ही आपली काठी घेऊन निघाली, बिनचपलेची!"

"माही पोरगी तशी येऊन राहिली अन मी खाटेवर बसू का गा?" म्हातारीने त्याला उडवून लावलं. मग मफलरातून झिरपलेलं लाल तिला दिसलं. ती काठी टेकत जवळ आली. रडली नाही. तिचा चेहरा विटून गेला होता, नासलेलं दूध हुंगावं तसा.

"हे काय करून आली वं? माह्या पायासाठी तुहा पाय? म्या सांगतलं होतं का तुले?"

"माय, पायरीपर्यंतच राहिलं. जाऊ दे मले."

"कोनाच्या पायासाठी बोलली होती नवस?"

"तुह्या."

"मग त्याच पायानं फिटला. येता येता मातामायच्या पायरीले डोकं टेकून आली मी. उंबरठ्यापासून पायरीपर्यंत, बिनचपलेची. अजून काय राहिलं?"

"पन मी माह्या उंबरठ्यापासून म्हटलं होतं..."

"अन तुहा पयला उंबरठा कोनता? रांगत कुठून निघाली होती तू?" म्हातारीचा आवाज तेवढा एकदाच हलला. मग तिने गिरिधररावांकडे वळून काठी आपटली. "जावईबापू, मले वाकता येत नाही. घाला ते तिच्या पायात."

सासूसमोर, मेव्हण्यासमोर, फाट्यावरच्या लोकांसमोर गिरिधरराव चिखलात गुडघे टेकून बसले. माझा पट्टा पार सोडला आणि पट्टीच्या पायावर मला अलगद, काचेला धक्का न लावता चढवलं. बाईंनी हात जोडले, डोळे मिटले. या वेळी पाय ओढला नाही.

रक्ताचा ओलावा माझ्यात उतरला. इतक्या घाणीची मला किळस आली, त्याची नाही आली.

त्याच जीपने आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. काच निघाली. डॉक्टर म्हणाले, हे दोन दिवस कळलं नसतं तर पाय वाचला नसता. दुसऱ्या दिवशी शेत ओलं म्हणून रोडगे गोठ्याच्या पडवीत भाजले. बाई खाटेवर, पाय उशीवर, आणि म्हातारी काठी टेकत अंगणभर फिरून सगळ्यांना वाढायला सांगत होती. पडली नाही. आजवर पडलेली नाही.

जखम होळीपर्यंत चालली. आता मी झिजले आहे. टाचेकडून एका बाजूला उतरले, आतल्या तळावरचा तो डाग धुऊनही काळसर राहिला. गिरिधररावांचा खर्रा सुटला, असं मी सांगणार नाही. खोटं कशाला बोलू? पण ते आता ओट्यावरून पिचकारी मारत नाहीत, आणि शेजाऱ्याने मारली तर भांडायला जातात. शहर मात्र आहे तसंच आहे, आणि मला रोज त्यातूनच जावं लागतं.

एक नवं घडलं आहे. सांजवात झाली की बाई दिवाणावर बसतात. गिरिधरराव मोबाइलचा उजेड पाडून त्यांचे दोन्ही तळवे बघतात, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. सुरुवातीला बाईंना फार संकोच व्हायचा. मग त्यांनी त्यातूनही वाट काढली. आधी त्या वाकून नवऱ्याच्या पाया पडतात, मग आपला पाय पुढे करतात. "घ्या, आता नाही लागत मले पाप." बाई अजून नवस बोलतात, गुरुवार धरतात, पण देवीला आता खण देतात, नारळ देतात, स्वतःचं अंग देत नाहीत.

जाता जाता हात जोडून एवढंच मागते. तुमच्याही घरी साखर असलेली कुणी असेल, "मले काहीच होत नाही" म्हणणारी. माय असेल, सासू असेल, बायको असेल. आज दिवा लागला की तिचा पाय मांडीवर घ्या आणि तळवा उजेडाकडे करून बघा. ती लाजेल, रागवेल, पाय ओढून घेईल.

सोडू नका.